पिकअपचं ॲव्हरेज: नाशिक–वाशी फेरीत डिझेल जातं कुठे?

हौदा_१७००

दीड-दोन टनी पिकअपवाल्यांचा ठरलेला प्रश्न: "तुझी किती देते?" एक म्हणतो १०, दुसरा म्हणतो १५. दोघंही खोटं बोलत नसतात. एकाने चढाचं भरलेलं सांगितलेलं असतं, दुसऱ्याने उताराचं.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, वाशी खाडीकाठी. टोमॅटोची कॅरेटं भरून नाशिकहून वाशीला जाणारी गाडी एकूण हिशेबात उतरत जाते आणि रिकामी चढून येते. तीच गाडी वाशीहून किराणा भरून नाशिकला आणली तर गणित उलटं. त्यामुळे एका बाजूचं ॲव्हरेज कोणी सांगितलं तर ते सोडून द्यावं. जाऊन-येऊन पूर्ण फेरीचं, तेही निदान तीन फेऱ्यांचं धरावं.

मोजायची पद्धत:

टाकी नेहमी एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, गाडी त्याच दिशेने उभी करून भरा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा. डिझेलला फेस येतो, घाईत भरलं तर नोझल लिटर-दीड लिटर आधीच बंद होतं. एका फेरीला २७-२८ लिटर लागणार असतील तर एवढ्यानेच आकडा पाच टक्के हलतो. तीन-चार टाक्यांची बेरीज केली की ही चूक पातळ होते. दोन हजारांचं, तीन हजारांचं डिझेल टाकून काट्यावरून ॲव्हरेज काढू नका. इंधनकाटा त्या कामाचा नाही.

सोबत चार गोष्टी लिहून ठेवा: किमी, लिटर, मालाचं वजन (काटापावतीवरचं, अंदाजाने नको) आणि इंजिन चालू ठेवून उभं राहिलेला वेळ. पहिल्या दोन सगळेच लिहितात. खरी माहिती पुढच्या दोनांत असते.

बाकीच्यांनी भर घालावी.

चढउतार

चांगला धागा. थोडं गणित देतो, म्हणजे कशाचा वाटा किती ते दिसेल. आकडे ढोबळ आहेत, गाडीगणिक पाच-दहा टक्के इकडेतिकडे.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा. त्यातली २७-२८ टक्के चाकांपर्यंत पोचते असं धरू, म्हणजे लिटरमागे १० मेगाज्यूल. बाकीची रेडिएटर, सायलेन्सर आणि घर्षणात जाते.

रिकामी गाडी पावणेदोन टन, माल १.७ टन, मिळून ३.४ टनांच्या आसपास. सपाट रस्त्यावर टायर ओढायला सुमारे ३७० न्यूटन जोर लागतो. हा वेगाने फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. कॅबिनपेक्षा उंच जाळीचा हौदा धरला तर ६० च्या वेगाला ३६० न्यूटन, ८० ला ६४०.

भरलेली, ६० ने: ७३० न्यूटन, १०० किमीला ७.३ लिटर.
भरलेली, ८० ने: १०१० न्यूटन, १०० किमीला १०.१ लिटर.
रिकामी, ८० ने: टायरचे १९० आणि हवेचे ६४०, मिळून ८३० न्यूटन, ८.३ लिटर.

तिसरी ओळ परत वाचा. रिकामी गाडी ८० ने पळवली तर भरलेली ६० ने चालवण्यापेक्षा जास्त डिझेल पिते. माल उतरला की पाय जड होतो आणि "रिकामीच तर आहे" म्हणून गाडी लिमिटरला (कमाल वेग रोखणाऱ्या यंत्रणेला) टेकवून आणली जाते. जाताना वाचवलेलं तिथेच जातं.

प्रत्यक्षात फरक याहून थोडा कमी दिसतो, कारण इंजिनावर भार वाढला की त्याची कार्यक्षमताही थोडी सुधारते. पण दिशा हीच.

आता चढ. ३.४ टन ६०० मीटर वर न्यायला २० मेगाज्यूल, म्हणजे जवळजवळ २ लिटर. रिकामी वर न्यायला एक. १७० किमीच्या प्रवासात एकूण १४-१५ लिटर लागत असतील तर दोन लिटर ही मोठी गोष्ट आहे.

नवखा_पिकअप

एआरएआयचा (गाड्यांची चाचणी करणाऱ्या संस्थेचा) आकडा आणि रस्त्यावरचा आकडा इतका वेगळा का येतो मग? फसवणूक म्हणायची का?

चढउतार

@नवखा_पिकअप, फसवणूक नाही, परीक्षाच वेगळी. ती चाचणी बंद खोलीत, रोलरवर, ठरावीक वेगाच्या तक्त्याप्रमाणे होते. त्यात तुमची ताडपत्री नसते, कसारा घाट नसतो आणि मार्केटच्या गेटवरची रांगही नसते. दोन गाड्यांची आपसात तुलना करायला तो आकडा ठीक. भाड्याचा हिशेब त्यावर बांधू नये.

फाळका

हवेच्या विरोधावरून: हौदा कॅबिनच्या वर जेवढा जातो तेवढं समोरचं क्षेत्र वाढतं. रुंदी १.७ मीटर धरली तर एक फूट जादा उंची म्हणजे अर्धा चौरस मीटर. ८० च्या वेगाला त्याचे साधारण १०० न्यूटन, १०० किमीला एक लिटर. हलका पण फुगीर माल (कोबी, फोम, रिकामी कॅरेटं) नेणाऱ्यांना वजन कमी असूनही ॲव्हरेज का मिळत नाही, त्याचं उत्तर हेच.

करण्यासारखं:

कॅरेटं लावताना पुढची रांग कॅबिनच्या उंचीला ठेवून मागे चढवत न्या, पुढे भिंत उभी करू नका. ताडपत्री घट्ट, दोरी दर दीड-दोन फुटांवर, पुढची कड कॅबिनमागे आत दुमडलेली. फडफडणारी ताडपत्री सगळ्यात वाईट, हवा आत शिरून पॅराशूट होतो. रिकामं येताना ताडपत्री सोडून गुंडाळा, वरचे पाइप निघण्यासारखे असतील तर काढून हौद्यात टाका. फाळका लावलेलाच ठेवा. उघडा ठेवला की हवा "पास होते" हा गैरसमज आहे, शिवाय उघडा फाळका मागच्या दुचाकीवाल्याच्या जिवाशी खेळ.

कमानपाटा

गॅरेजच्या बाजूने लिहितो. "ॲव्हरेज अचानक पडलं" म्हणून येणाऱ्या गाडीचा इंजेक्टर सगळ्यात आधी खोलायची फॅशन आहे. क्रम उलटा हवा. फुकटच्या तपासण्या आधी.

१. ब्रेक धरतोय का. सपाट काँक्रीटवर रिकामी गाडी न्यूट्रलमध्ये ढकला, स्टिअरिंगवर एक माणूस बसवून. एकदा हलली की १९-२० किलोच्या जोरावर, म्हणजे एका माणसाने, चालत राहायला हवी. दोघांनाही घाम फुटत असेल तर काहीतरी धरलंय. दुसरी खूण: दहा किमी शक्यतो ब्रेक न मारता चालवा, थांबल्यावर टेंपरेचर गनने चारही चाकं बघा. एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्यात २०-२५ अंशांचा फरक म्हणजे गरम बाजूला खोट. पुढे बहुधा कॅलिपरची पिन सुकलेली किंवा पिस्टन गंजलेला. मागे हँडब्रेकची केबल अडकलेली, ॲडजस्टर जास्त ताणलेला, किंवा शूची रिटर्न स्प्रिंग मेलेली. गन नसेल तर हात रिमजवळ नुसता धरा, ड्रमला लावू नका.

२. हवा. दारावरच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात. मागच्या टायरला ६५ पीएसआय सांगितली आणि ५२ निघाली, तर ती २० टक्के कमी. त्याने टायरचा विरोध सुमारे १० टक्के वाढतो, शिवाय बाजूची भिंत तापते आणि भर उन्हात फुटते. हवा थंड टायरमध्येच तपासा. पळून आल्यावर चार-सहा पीएसआय जास्तच दिसते, ती "जास्त झाली" म्हणून सोडून देणं ही नेहमीची चूक.

३. ॲक्सल सरळ आहे का. ही गोष्ट कोणी बघत नाही. पाट्याचा (मागच्या पोलादी कमान-स्प्रिंगचा) सेंटर बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट ढिले झाले की मागचा ॲक्सल एका बाजूला सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. पुढचं अलाइनमेंट कितीही वेळा करा, उपयोग शून्य. तपासायला टेप पुरते: दोन्ही बाजूंना पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत मोजा, स्टिअरिंग सरळ ठेवून. पाच-सहा मिलिमीटरच्या वर फरक असेल तर पाट्याकडे बघा. ओव्हरलोड गाड्यांमध्ये हे फार.

४. थर्मोस्टॅट. "गाडी गरम होते" म्हणून व्हॉल काढून टाकायची वाईट सवय अजून गेलेली नाही. इंजिन ८०-९० अंशांना चालायला बनवलंय. व्हॉल नसला तर हायवेवर काटा खालीच राहतो, तेल जाड राहतं, ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) वाटतं इंजिन अजून थंड आहे आणि तो जास्त डिझेल देतो. उलट, फॅनचा व्हिस्कस क्लच जाम झाला असेल तर फॅन कायम गर्जत राहतो आणि ताकद खातो. थंड इंजिनवर, गाडी बंद असताना, फॅन हाताने फिरवा. थोडा अडून फिरला तर ठीक, दगडासारखा घट्ट असेल तर गेला.

५. टर्बोचा पाइप. इंटरकूलरचा रबरी पाइप चिरला किंवा क्लॅम्प ढिला झाला की चढावर शिट्टी, काळा धूर, पिकअप कमी. जोडाभोवती तेलाचा ओला डाग ही खूण. थोडा तेलकटपणा चालतो, थेंब चालत नाहीत.

६. एअर फिल्टर. खडी, वीटभट्टी, ऊसतोडीच्या रस्त्यावर मॅन्युअलच्या अर्ध्या किमीतच बघा. हवा मारायची तर आतून बाहेर, लांबून, कमी दाबाने. बाहेरून मारली की धूळ कागदात रुतते. जवळून जोरात मारली की कागदाला बारीक भोकं पडतात आणि मग धूळ थेट टर्बोत. दोनदा साफ केला की बदलाच.

एवढं करूनही फरक नसेल तर इंजेक्टरची रिटर्न चाचणी: चार सारख्या बाटल्या, चार नळ्या, ठरावीक वेळ इंजिन चालवायचं. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट परत येत असेल तर तो एकच खोला. चारही नको.

घाटवाला

कमानपाटा यांना +१. त्यात माझी भर: कसारा उतरताना न्यूट्रल करून सोडायची. वीस मिनिटं डिझेलच लागत नाही. एवढा साधा उपाय कोणी लिहिलाच नाही.

चढउतार

@घाटवाला, नाही लिहिला कारण तो उलटा आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्शन बंद होतं. गाडीचं वजनच इंजिन फिरवतं, डिझेल शून्य. न्यूट्रल केलं की इंजिनाला स्वतःला चालू ठेवायला आयडलचं डिझेल घ्यावंच लागतं. पंधरा-वीस मिनिटांत पाव लिटरच्या आसपास. म्हणजे न्यूट्रलने जास्त जातं.

आणि ब्रेकचं बघा. ३.४ टन ३०० मीटर खाली उतरतात तेव्हा १० मेगाज्यूल कुठेतरी जायला हवेत. साध्या तापमानाचं तीस लिटर पाणी उकळीला आणायला जवळपास एवढीच उष्णता लागते. न्यूट्रलमध्ये त्यातला मोठा भाग लायनर आणि डिस्कवर येतो. मग पेडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही.

कमानपाटा

काही महाभाग किल्लीच बंद करतात. मग व्हॅक्यूम पंप बंद, दोन-तीनदा ब्रेक दाबले की बूस्टर रिकामा. पॉवर स्टिअरिंग बंद. चुकून किल्ली आणखी मागे गेली तर स्टिअरिंग लॉक. ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा, हा जुना नियम अजून बरोबर आहे.

घाटवाला

मान्य. पण हलक्या उतारावर, घोटीच्या पुढे वगैरे, गिअरमध्ये गाडी मंदावते हे तरी खरं ना?

चढउतार

खरं आहे. तिथे टॉप गिअर ठेवून पाय अगदी हलका ठेवायचा, पूर्ण सोडायचा नाही. पूर्ण सोडून मंदावू द्यायची आणि परत जोरात ओढायची, यात नुकसान.

गिअरवरून: या वर्गातल्या २.५ लिटर डिझेल इंजिनांचा टॉर्क साधारण १४०० ते २२०० आरपीएममध्ये भरपूर असतो. तिसऱ्यात २८०० पर्यंत ओरडवण्यात काही नाही. पण भरलेली गाडी ११०० वर चौथ्यात घालून थरथरवणंही चूक. त्याने डिझेल वाचत नाही, क्लच प्लेट आणि गिअरबॉक्स मात्र मार खातात. टाटा इंट्रासारख्या काही गाड्यांत गिअर बदलायची खूण डॅशबोर्डवर येते, ती ऐकावी.

रांगेतला

उभं राहून जाणाऱ्या डिझेलचा विषय मागे पडतोय. आयडलला तासाला ०.६ ते ०.८ लिटर धरा, एसी लावला तर त्याहून वर. मार्केटच्या गेटवर, काट्यावर, माल उतरवताना मिळून दिवसाला दोन तास इंजिन चालू राहिलं तर २६ दिवसांत ३६ लिटर. हिशेबापुरते लिटरला ९० रुपये धरले तरी सव्वातीन हजार. टर्बो थंड करायला घाट चढून आल्यावर एक मिनिट पुरे, दहा मिनिटं नाही. सकाळीही तेच: अर्धा मिनिट थांबा आणि हळू चालवत निघा, चालताना इंजिन लवकर तापतं.

बीएस-६ गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर आणखी एक भानगड. सतत आयडल आणि शहरातल्या दोन-तीन किमीच्या फेऱ्यांनी त्यात काजळी साठते. ती जाळायला गाडी जादा डिझेल मारते. तो फेरा अर्ध्यावर असताना किल्ली बंद केली की पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. वारंवार असं झालं की डिझेल इंजिनतेलात उतरतं. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, तेल बदला. तेल मॅन्युअलमध्ये दिलेलं कमी राखेचंच, डब्यावरचा ग्रेड वाचून. आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटं हायवेला एकसारखी चालवली तर बहुतेक वेळा दिवा लागतच नाही.

काटापावती

एक कडू गोष्ट बोलू का? किमी-लिटरमध्ये ओव्हरलोड गाडी वाईट दिसते, पण टनामागे लिटर काढलं तर चांगली दिसते. १.७ टनी गाडीत अडीच टन टाकले तर टायरचा विरोध वाढतो, हवेचा तेवढाच राहतो. म्हणून लोक टाकतात. डिझेलच्या नावाखाली ओव्हरलोडला नावं ठेवणं प्रामाणिक नाही.

हौदा_१७००

@काटापावती, डिझेलपुरतं बरोबर. म्हणूनच मी वजन लिहायला सांगितलं. पण हिशेब तिथे थांबवू नका. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २,०००, आणि जादा माल तिथेच उतरवायचा. भर दुपारी रस्त्याकडेला टोमॅटो उतरवून दुसरी गाडी शोधायची म्हणजे काय ते शेतकऱ्याला विचारा. पाटे, हब बेअरिंग, लायनर यांचा खर्च वेगळा.

डिझेल वाचवायचा कायदेशीर मार्ग पासिंगइतका (आरसीवर मंजूर असलेल्या वजनाइतका) माल पूर्ण भरण्याचा आहे. २० किलोचं टोमॅटोचं कॅरेट, प्लास्टिकसह २२ धरा. १.७ टनांत ७७ बसतात. ५० कॅरेटांवर निघालेली गाडी कॅरेटमागे जवळपास दीडपट डिझेल खाते.

नवखा_पिकअप

सीएनजी पिकअप किलोला १५-१६ देते म्हणतात, डिझेल १२. म्हणजे सीएनजी इंजिन चांगलं?

चढउतार

किलो आणि लिटरची तुलना करू नका. एक किलो सीएनजीत साधारण १.३ लिटर डिझेलइतकी ऊर्जा असते. किलोला १५.६ म्हणजे डिझेलच्या भाषेत १२, इंजिन काही वेगळी जादू करत नाही. रुपये प्रति किमी काढा, त्यात पंपावरच्या रांगेचा वेळ धरा आणि सिलिंडरच्या वजनाने पासिंग किती कमी झालं ते आरसीवर बघा.

फाळका

समृद्धीने जाणाऱ्यांसाठी: ५ जून २०२५ पासून इगतपुरी ते आमणे टप्पा खुला आहे, कसारा घाटाऐवजी सुमारे ८ किमीचा जुळा बोगदा. घाट गेला, उंची गेली नाही. येताना ती चढावीच लागते. फायदा असा की चढ एकसारखा आहे, वळणावर ब्रेक मारून पुन्हा पहिल्या-दुसऱ्यात ओढणं नाही. तोटा असा की रस्ता मोकळा म्हणून गाडी पूर्ण वेळ ८० ला टेकलेली राहते. ६५ ने चाला. ७५ किमीला ८० च्या तुलनेत तेरा मिनिटं जास्त लागतात. टोल मात्र हिशेबात धरा, वाचलेलं डिझेल काही वेळा तिथेच जातं.

चुंबक_नको

डिझेल लाइनवर लावायचं चुंबक, टाकीत टाकायची गोळी, एअर इनटेकमधला पंखा: पैसे देऊ नका. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडून प्रदूषण कमी करणारा व्हॉल) बंद करून देणाऱ्यांपासूनही लांब राहा. बीएस-६ मध्ये ईसीयूला कळतं, चेक इंजिन लागतं, गाडी ताकद कमी करून घेते आणि वॉरंटी जाते. पंपाची शंका असेल तर ५ लिटरचं प्रमाणित माप मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे.

दोनशेपंधरा

सगळं वाचलं. टायर बदलल्यापासून ॲव्हरेज ११.८ वरून १२.६ झालं, बाकी काहीच बदललेलं नाही. ७.०० आर १५ काढून २१५/७५ आर १५ टाकलेत. हा साइज सगळ्यांनी घ्यावा का?

कमानपाटा

@दोनशेपंधरा, ॲव्हरेज वाढलेलं नाही दादा, मीटर पळतंय. ७.०० आर १५ चा व्यास सुमारे ७५० मिमी, २१५/७५ आर १५ चा ७०३. चाक ६ टक्के लहान, तेवढेच फेरे जास्त. मीटरने ३४० किमी दाखवले तर गाडी खरी ३१९ चालली. ३४० भागिले २७ लिटर म्हणजे १२.६. ३१९ भागिले २७ म्हणजे ११.८. तुमचे दोन्ही आकडे जसेच्या तसे आले बघा.

जीपीएस लावून हायवेवर ५० किमी मोजा, मीटरवर ५३ दिसतील. आणि आधी टायरच्या भिंतीवरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन झेलतो ते सांगणारा आकडा) वाचा. कारचा टायर असेल तर मागच्या ॲक्सलचं वजन तो झेलणार नाही. तसं असेल तर या आठवड्यातच बदला, पुढच्या फेरीची वाट बघू नका.

दोनशेपंधरा

भिंतीवर ९६ लिहिलंय.

कमानपाटा

९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो, मागच्या दोघांना मिळून १,४२०. तुमच्या गाडीचं मागच्या ॲक्सलचं वजन भरल्यावर याच्या बरंच वर जातं. आज रिकामीच उभी करा. आरसीवरचं मागच्या ॲक्सलचं वजन बघा, त्याचे दोन भाग करा आणि त्याहून जास्त वजन झेलणाऱ्या इंडेक्सचा एलटी (हलक्या ट्रकसाठीचा) टायर, गाडीच्या स्टिकरवरच्या मूळ मापातच घ्या. स्टेपनीही त्याच मापाची ठेवा.